ताप उतरला, मोजणी थांबली

पावसाळा मध्यावर आला की महापालिकांचे आरोग्य विभाग दर आठवड्याला एक पत्रक काढतात. त्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस आणि चिकनगुनिया यांचे आकडे असतात. संशयित इतके, प्रयोगशाळेत निश्चित झालेले इतके आणि मृत्यूच्या रकान्यात, चिकनगुनियापुरते बोलायचे तर, बहुधा शून्य. दिवाळीच्या सुमारास पाऊस संपतो, डास कमी होतात आणि ‘साथ आटोक्यात’ असे जाहीर होते. या पत्रकात खोटे काही नसते. मात्र त्यात एक रकाना नसतो. तीन महिन्यांपूर्वी ज्याचे नाव ‘निश्चित’ रुग्णांच्या यादीत होते तो आज जिना चढू शकतो का, हे त्यात कोणी लिहीत नाही.

चिकनगुनियाचा ताप चार-पाच दिवसांत, फार तर आठवड्यात उतरतो. अंगावरचा पुरळ जातो. बहुसंख्य रुग्णांची सांधेदुखीही काही आठवड्यांत कमी होत जाते. पण काहींची होत नाही. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटे वळत नाहीत. घोटे सुजलेले असल्यामुळे पलंगावरून खाली ठेवलेले पहिले पाऊल विस्तवावर पडल्यासारखे वाटते. कणीक मळणे, धुणे पिळणे, कुकरचे झाकण लावणे, शर्टाची बटणे घालणे, दुचाकीचा क्लच दाबणे, लोकलमध्ये वरचा दांडा धरून अर्धा तास उभे राहणे या सगळ्या गोष्टी निरोगी माणसाच्या लेखी ‘कामे’सुद्धा नसतात. त्याच गोष्टी अशा रुग्णाच्या दिवसाचा मोठा भाग खातात. उकिडवे बसता येत नाही ही तक्रार डॉक्टरांसमोर अनेकदा संकोचाने सांगितली जाते. ज्या घरात भारतीय पद्धतीचे शौचालय आहे तेथे तिचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको.

रक्ताचे अहवाल बरे, ताप नाही, वजन घटलेले नाही. वैद्यकीय अर्थाने हा माणूस आजारातून उठला आहे. घरचे ‘आता बरा झालास ना’ म्हणतात, कचेरीत रजा संपते, आणि त्याचे स्वतःचे शरीर मात्र या निर्णयाला रुजू होत नाही. अशा अवस्थेला आपल्या आरोग्यव्यवस्थेने नाव दिलेले नाही आणि नाव नसल्यामुळे तिचा हिशेबही ठेवलेला नाही.

खरे तर या आजाराला नाव मिळाले ते याच अवस्थेवरून. आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागातील माकोंडे पठारावर १९५२-५३ मध्ये ही साथ प्रथम शास्त्रीयदृष्ट्या नोंदवली गेली. तेथील लोकांच्या भाषेत ‘चिकनगुनिया’ म्हणजे वाकवून टाकणारा. ताप, पुरळ किंवा डास यांपैकी कशाचाही उल्लेख त्या शब्दात नाही. माणूस कसा चालू लागतो एवढेच त्यांनी पाहिले आणि तेच नाव ठेवले. आपल्याकडे २००६ मध्ये उत्तरेत त्याला ‘लंगडा बुखार’ म्हटले गेले, तेही त्याच नजरेने. सरकारी अर्जांना दिसले नाही ते खेड्यापाड्यांतल्या भाषेला दिसले होते.

बार्शी, यवत आणि २००६

महाराष्ट्राला हा विषाणू नवा नाही. भारतात तो १९६३ मध्ये कोलकात्यात आढळला. पुढच्या वर्षी दक्षिणेत, चेन्नई व आसपास साथी आल्या. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत मोठा उद्रेक झाला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, त्याची पाहणी केली तेव्हा शंभरातील ३७ हून अधिक लोकांना लागण झाल्याचे दिसले. त्यानंतर तीन दशके शांतता. इतकी शांतता की वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांनी हा आजार पुस्तकातल्या दोन ओळींपलीकडे पाहिला नाही.

मधल्या काळात एक छोटी घटना घडली, तिचे महत्त्व नंतर कळले. पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवत येथे २००० मध्ये पकडलेल्या डासांत हा विषाणू सापडला. तो पूर्वीच्या भारतीय साथींमधल्या आशियाई प्रकाराचा नव्हता. पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी जनुकप्रकाराचा होता. २००५ च्या अखेरीस आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि महाराष्ट्रात जी साथ भडकली ती याच प्रकाराची. २००६ संपेपर्यंत देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. कर्नाटकात साडेसात लाखांवर आणि महाराष्ट्रात अडीच लाखांहून अधिक. हे फक्त नोंदले गेलेले आकडे. गावेच्या गावे अंथरुणाला खिळली असताना कितीजण तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत चालत गेले असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

त्या वर्षी केंद्र सरकारची भूमिका होती की चिकनगुनियाने थेट मृत्यू होत नाही. अहमदाबादमधील भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या अभ्यासकांनी पुढे त्या शहराची मृत्युनोंदणी तपासली. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००६ या चार महिन्यांत अपेक्षेपेक्षा २,९४४ मृत्यू अधिक झाल्याचे त्यांना आढळले. ते सारे याच आजाराने झाले असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण मृत्यूसारखी ढळढळीत गोष्टही ज्या व्यवस्थेच्या नजरेतून निसटते, तिला न वळणारे मनगट दिसेल, ही अपेक्षा जरा जास्तच म्हणायची.

त्या साथीचा खरा हिशेब मांडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजानुसार २००६ च्या साथीने देशाच्या निरोगी आयुष्यातील २५,५८८ वर्षे हिरावली. अकाली मृत्यूने गेलेली वर्षे आणि अक्षमतेत काढलेली वर्षे यांची बेरीज करून हा आकडा काढतात. त्यातला लक्षात ठेवण्याजोगा भाग पुढेच आहे. या एकूण भारापैकी ६९ टक्के वाटा ताप गेल्यानंतर रेंगाळलेल्या सांधेदुखीचा होता. म्हणजे ज्या काळाची नोंद सरकारने ठेवली त्या काळात आजाराचा एक तृतीयांशाहूनही कमी भार होता, आणि उरलेला सारा, मोजणी थांबल्यानंतरचा. बुडालेल्या उत्पन्नाचा त्यांचा किमान अंदाज ३९ कोटी १० लाख रुपयांचा होता.

‘किमान’ हा शब्द तेथे फार जपून वाचला पाहिजे. बुडालेले उत्पन्न मोजायचे तर आधी ते उत्पन्न म्हणून कोठेतरी मोजलेले असावे लागते. घरातील स्वयंपाक, धुणीभांडी, पाणी भरणे, लहानांचे आणि म्हाताऱ्यांचे करणे यांना वेतन नाही, म्हणून त्यांची खोटीही नाही. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८ मिनिटे, असे दिसले. जवळजवळ पाच तासांचे हे काम मुख्यतः मनगट, बोटे, गुडघे आणि कंबर यांच्या जिवावर चालते. चिकनगुनिया मनगट, बोटे आणि घोटे यांनाच प्रथम धरतो. शिवाय रेंगाळणारा त्रास स्त्रियांत अधिक दिसतो, असे बहुतेक अभ्यास सांगतात. तेव्हा या आजाराच्या भाराचा सर्वांत जड भाग नेमका तेथे पडतो जेथे त्याची मोजणी होतच नाही. भाकरी थापायची थांबत नाही. ती दुखऱ्या हाताने थापली जाते, किंवा शाळा बुडवून मुलगी थापते.

मजुरांची गोष्ट याहून वेगळी नाही. २००६ मध्ये रोजगार हमीच्या कामावर मजुरी मिळे ती किती माती उचलली, किती खड्डा खणला, याच्या मोजमापावर. हजेरीपटावर नाव असले तरी ज्याची मूठ फावड्यावर आवळत नाही त्याच्या हाती आठवड्याला काय पडले असेल? तो ‘बेरोजगार’ नव्हता आणि ‘रुग्ण’ही नव्हता. कोणत्याच तक्त्यात तो कमी भरला नाही.

शिपाईगडी आणि सांधे

अशा तक्रारींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. वय झाले की सांधे दुखतातच, आणि त्यात साथीची बातमी कानावर आली की प्रत्येक दुखण्याला तेच नाव मिळते. आक्षेप अगदीच पोकळ नाही. साथीपूर्वीच ज्यांना संधिवात होता त्यांचा त्रास वाढतो आणि दोहोंची सरमिसळ होते. त्याचे उत्तर हिंदी महासागरातील रियुनियन या फ्रेंच बेटावरून मिळाले.

जेमतेम आठ लाख वस्तीच्या या बेटावर २००५-०६ मध्ये लोकसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश लोकांना लागण झाली. फ्रान्सची वैद्यकव्यवस्था हाताशी असल्याने पाठपुरावाही नीट झाला. पंधरा महिन्यांनी विचारलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी सांधे अजून दुखत असल्याचे सांगितले. त्यातही नामी अभ्यास झाला तो तेथे नेमणुकीवर असलेल्या फ्रेंच लष्करी पोलिसांचा. ही तरुण, कसलेली, भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीतून पार झालेली माणसे. त्यांच्यातल्या लागण झालेल्यांची तुलना त्याच दलातील लागण न झालेल्यांशी केली गेली, म्हणजे वयाचा आणि कामाच्या स्वरूपाचा वाद मिटला. तीस महिन्यांनी लागण झालेल्या गटाचे सांधे अधिक दुखत होते आणि दैनंदिन जीवनाची प्रतही खालावलेली होती. सहा वर्षांनी पुन्हा विचारले तेव्हाही फरक पुसला गेला नव्हता.

महाराष्ट्रातले चित्र इतके काळे नाही, हेही सांगितले पाहिजे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी २००६ नंतर राज्याच्या ग्रामीण भागात दोन वर्षे रुग्णांचा मागोवा घेतला. घरोघर जाऊन केलेल्या या अभ्यासात बहुतेक रुग्ण सावरलेले दिसले आणि दोन वर्षांनंतरही त्रास उरलेल्यांचे प्रमाण रियुनियनच्या तुलनेत कितीतरी कमी, अगदी थोडे निघाले. दोन ठिकाणच्या आकड्यांत एवढी तफावत का, याची कारणे अनेक असू शकतात. रुग्णांचे वय वेगळे, तपासणारा कोण हे वेगळे, आणि विचारलेला प्रश्नही वेगळा. ‘दुखते का?’ या प्रश्नाला शेतकरी बाई ‘तसे काही नाही’ म्हणेल. ‘पाण्याची घागर पूर्वीसारखी उचलता का?’ असे विचारले तर उत्तर बदलू शकते.

आणि प्रमाण थोडे असले तरी ते कशाच्या पटीत, हे पाहावे लागते. राज्यातील २००६ च्या नोंदलेल्या अडीच लाख रुग्णांत शंभरात दोघे जरी मागे राहिले असे धरले, तरी ती पाच हजार माणसे होतात. पाच हजार माणसांना एकाच अपघातात अपंगत्व आले असते, तर विधिमंडळाचे एक अख्खे अधिवेशन त्यावर गाजले असते.

शरीरात नेमके काय घडते याचा उलगडा अजून पूर्ण झालेला नाही. काही रुग्णांच्या सांध्यांच्या अस्तरातील पेशींत अनेक महिन्यांनंतरही विषाणूचे अंश सापडले आहेत. काहींत विषाणू दिसत नाही, पण त्याच्याविरुद्ध उठलेली प्रतिकारयंत्रणा शांत होत नाही. मोजक्या रुग्णांचा त्रास आमवाताशी इतका मिळताजुळता होतो की दोहोंत फरक करणे तज्ज्ञांनाही जड जाते. उपचार म्हणाल तर विषाणूवर औषध नाही. क्लोरोक्विनचा गाजावाजा झाला होता, परंतु २००६ मध्ये रियुनियनवर झालेल्या चाचणीत तापाच्या काळात त्याचा काही लाभ दिसला नाही. सुरुवातीला साधी वेदनाशामके, दीर्घकाळ सूज राहिली तर आमवातावर वापरतात ती मेथोट्रेक्सेटसारखी औषधे, आणि सांधे आखडू नयेत म्हणून भौतिकोपचार, एवढीच शिदोरी. ही औषधे संधिवाततज्ज्ञाच्या देखरेखीखाली घ्यायची असतात आणि संधिवाततज्ज्ञ मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत एकवटले आहेत. तालुक्याच्या गावी रुग्णाच्या वाट्याला येते ती वेदनाशामक गोळ्यांची पट्टी. ती महिनोन्महिने घेतली तर पोट आणि मूत्रपिंड यांची नवी दुखणी सुरू होतात. ती दुखणी पुढे ज्या रकान्यात जातात तेथे चिकनगुनियाचे नाव नसते.

बरा झालेला, तरीही

या अवस्थेला कायद्यात जागा करणे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला आपल्याच कायद्याचे एक पान दाखवता येईल. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्याने ज्या सात प्रकारांना मान्यता दिली त्यांतला एक होता ‘कुष्ठरोगातून बरी झालेली व्यक्ती’. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात प्रकारांची संख्या २१ झाली, आणि तो प्रकार त्यातही कायम राहिला. जंतू नाहीसे झाले, औषधांचा क्रम पूर्ण झाला, संसर्गाचा धोका उरला नाही, आणि तरीही हाताची बोटे वाकलेली आहेत, तळव्याला संवेदना नाही. ‘रोगमुक्त’ आणि ‘पूर्ववत’ हे दोन शब्द एक नाहीत, हे भारतीय कायद्याने तीस वर्षांपूर्वी मान्य केलेले आहे. मान्य केले ते फक्त एका रोगापुरते. कुष्ठरोगाला महाराष्ट्रात बाबा आमटे यांच्यासारखे वकील मिळाले होते. सांधेदुखीच्या वाट्याला तसे कोणी येईल ही शक्यता कमी.

पोलिओचे उदाहरणही जवळचे आहे. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा येथे सापडलेली मुलगी ही देशातील शेवटची नैसर्गिक पोलिओरुग्ण, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आग्नेय आशिया विभागासह भारताला पोलिओमुक्त जाहीर केले. तो आजार संपला म्हणून पोलिओने पाय गमावलेल्यांची गणना आपण थांबवली नाही. त्यांचा पाय दिसतो, हे त्याचे एक कारण. पोलिओतून सावरलेल्या काहींना तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा थकवा आणि स्नायूंची दुर्बलता येते. या पोलिओ-पश्चात विकाराबद्दल मात्र आपल्याकडे क्वचितच बोलले जाते, कारण तो दिसत नाही.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र देण्याची पद्धत दिसणाऱ्या आणि टिकणाऱ्या उणिवेसाठी घडलेली आहे. आरक्षणासह बहुतेक लाभांसाठी ४० टक्के अपंगत्वाची अट आहे. सांधा किती अंशांत वळतो, स्नायूत जोर किती, हे तपासणीच्या दिवशी मोजले जाते. विषाणूजन्य तापानंतरची सांधेदुखी सकाळी सातला एक असते आणि दुपारी बाराला दुसरी, सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरी. रुग्ण मंडळापुढे उभा राहतो तो बहुधा त्याच्या बऱ्या घटकेला, कारण वाईट घटकेला तो जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच कार्यक्षमतेचे एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण मान्य केले होते. रोग कोणता हे बाजूला ठेवून माणूस काय करू शकतो आणि कशात अडतो ते पाहायचे, असा त्याचा गाभा. आपल्या कायद्यांच्या प्रस्तावनेत त्याचे पडसाद उमटले, पण प्रमाणपत्राच्या खिडकीपर्यंत ते पोहोचले नाही.

नोकरदारांना निदान रजेचा आडोसा असतो. राज्य कामगार विमा योजनेत विमाधारक कामगाराला आजारपणासाठी वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भरपाईची तरतूद आहे. क्षय, कर्करोग अशा ठरावीक दीर्घ आजारांना त्याहून अधिक काळ. विषाणूजन्य तापानंतरच्या सांधेदुखीसाठी त्या यादीत स्वतंत्र जागा नाही, पण तीन महिने तरी हाताशी असतात. शहरातील ज्या बाईचा दिवस चार घरची धुणीभांडी आणि फरशी यांवर चालतो तिला हे काहीच लागू नाही. तिच्या बाबतीत सगळे उरकते ते एका वाक्यात. ‘पंधरा दिवस झाले, आम्ही दुसरी बाई पाहिली.’ सुशिक्षित, वृत्तपत्र वाचणाऱ्या घरांतच हे वाक्य उच्चारले जाते. ज्या सोसायटीच्या गच्चीवरील टाकीत आणि कुंड्यांखालच्या बशांत एडिस इजिप्ती डासाची पैदास होते, तो डास दिवसा चावतो आणि मालकीण व मोलकरीण असा भेद करीत नाही. भेद त्यानंतर सुरू होतो.

प्रश्न विचारला तर

कोविडनंतर जगाने या बाबतीत थोडी प्रगती केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडपश्चात अवस्थेची व्याख्या केली. लागणीनंतर तीन महिन्यांनीही असलेली, किमान दोन महिने टिकणारी आणि अन्य कारणाने न उलगडणारी लक्षणे, असा तिचा आशय. दैनंदिन व्यवहारांवर होणारा परिणाम तिच्यात स्पष्टपणे नमूद आहे. त्याच महिन्यात आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही कोविडपश्चात उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. राज्यातील अनेक रुग्णालयांत त्यापूर्वीच कोविडपश्चात बाह्यरुग्ण विभाग उघडले गेले होते.

पण सर्वांत साधे आणि सर्वांत उपयोगी काम ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने केले. त्यांनी घरोघरच्या पाहणीत लोकांना विचारले की या त्रासामुळे तुमच्या रोजच्या कामांवर मर्यादा येतात का, आणि येत असतील तर थोड्या की फार? मार्च २०२३ च्या उत्तरांवरून देशात सुमारे १९ लाख लोकांना रेंगाळलेला त्रास असल्याचा अंदाज निघाला. त्यांतील ७९ टक्के लोकांच्या दैनंदिन कामांवर मर्यादा आल्या होत्या आणि २० टक्क्यांच्या बाबतीत त्या फार मोठ्या होत्या. प्रयोगशाळा लागली नाही, रक्त काढावे लागले नाही. एक प्रश्न पुरला. त्या उत्तरांच्या आधारे तेथे रुग्णसेवेवर, रजेवर आणि मनुष्यबळावर संसदेत वाद झडू शकला. अमेरिकेत तर जुलै २०२१ मध्येच सरकारने स्पष्ट केले होते की कोविडचा रेंगाळलेला त्रास हा अपंगत्वविषयक कायद्याखाली अपंगत्व ठरू शकतो.

कोविडनंतरचा थकवा आणि चिकनगुनियानंतरची सांधेदुखी यांची यंत्रणा वेगळी, उपचारही वेगळे. एकात सांधे हलते ठेवावे लागतात. दुसऱ्यात काही रुग्णांना थोड्या श्रमानेही दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागते, आणि तेथे ‘जरा चालाफिरा’ हा सल्ला अपायकारक ठरतो. घरच्या डॉक्टरला हा फरक ठाऊक असावा लागतो. सरकारी तक्त्याला तो ठाऊक असण्याची गरज नाही. तक्त्याला फक्त एवढे विचारायचे आहे की काम जमते का.

त्याची गरज पुढेही भासणार आहे. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे आणि नागपूरसह राज्याच्या अनेक भागांत चिकनगुनियाने पुन्हा डोके वर काढले. पुण्यातील डॉक्टरांना मेंदूज्वर, त्वचेचा काळेपणा अशी न पाहिलेली रूपेही दिसली. २०२५ मध्ये रियुनियन बेटावर वीस वर्षांनी पुन्हा मोठी साथ आली. लसीवर विसंबून राहावे अशी स्थिती नाही. अमेरिकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये जगातील पहिल्या चिकनगुनिया लसीला मान्यता दिली आणि गंभीर दुष्परिणामांच्या नोंदींनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये तिचा परवाना निलंबित केला.

यंत्रणा नव्याने उभारावी लागेल असेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने तयार केलेले तपासणी संच देशभरातील निवडक रुग्णालयांना पुरवले जातात. तेथे रक्ततपासणीसाठी येणाऱ्या रुग्णाचे नाव, वय आणि पत्ता घेतले जातात, कारण त्याच्या घराभोवती औषधफवारणी करायची असते. कागदावरचा हा पत्ता आज एकदाच, डासासाठी वापरला जातो. तीन महिन्यांनी आणि वर्षाने त्याच पत्त्यावर आशा सेविकेने किंवा पालिकेच्या आरोग्यसेविकेने चार प्रश्न विचारायला हरकत कोणती? सकाळी बोटे वळतात का. उकिडवे बसून उठता येते का. कामावर परत गेलात का, आणि पूर्वीइतकेच काम होते का. घरातले कोणते काम आता दुसरे कोणी करते.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नवरा देणार नाही. ते घरातल्या बाईलाच विचारावे लागेल, आणि ती एकटी असताना.